परत येण्याचा पुरावा

फॉर्मच्या अकराव्या रकान्यात विचारलंय:
तुम्ही परत याल, याला पुरावा काय?

शेत नाही. नवरा नाही. नोकरी तर
मिळावी म्हणूनच चाललेय.
बाबांनी मकरपुऱ्याच्या कारखान्यातून
पगाराच्या सहा चिठ्ठ्या आणल्या,
मार्चच्या चिठ्ठीवर तेलाचा डाग तसाच.
मुदत ठेव मोडली.
बँकेतल्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये माझा विषय शोधला,
इंजिनियरिंग, फार्मसी, नर्सिंग,
शेवटी 'इतर'वर बोट ठेवलं
आणि हळूच म्हणाल्या, चालेल ना?

चालेल.

खालच्या मजल्यावरचे जिग्नेशभाई जिन्यात अडवतात:
आर्ट्सवाळाने पण फोरेन लई जाय?
लई जाय, काका. तीन महिने.
पगार नाही. खोलीचं भाडं देतात,
आणि पुठ्ठ्याची चौदा खोकी,
कुणा व्यापाऱ्याच्या माळ्यावर सापडलेल्या मोडी कागदांची.
तिथं कुणाला वाचता येत नाहीत.
आपलेच कागद वाचायला एवढं लांब?
त्यांना पटत नाही.
रात्री दिवा घालवल्यावर मलाही नाही.

आईच्या जिभेवर उत्रेख्त बसत नाही.
ती 'उतरेख' म्हणते,
शेजारी सांगताना जरा मोठ्यानं.

मोडी शिकले दांडिया बाजारात, रविवारी सकाळी.
खाली झेरॉक्सचं दुकान, वर कारखानीस सर,
दप्तरखान्यात छत्तीस वर्षं धूळ खाऊन निवृत्त.
गणपतीत आम्ही अकरा जण होतो, दिवाळीनंतर तिघं.
आधी रेघ, सर म्हणायचे,
पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.
मग अक्षरं तिला टांगायची. हात उचलायचा नाही.
माझी रेघ कितीतरी दिवस विश्वामित्रीसारखी,
वाकडी, आणि मध्येच कुठंतरी मगर.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं.
दिन आणि दीन एकाच वेलांटीचे.
कुठला ते कळायला मागचं-पुढचं वाचावं लागतं,
कधी अख्खं पत्र,
कधी पत्र लिहिणाऱ्याचं घर.

शनिवारी फॉर्म घेऊन गेले.
सरांनी भिंगातून सगळा वाचला, बारीक टाइपसुद्धा.
अकराव्या रकान्याला मी हसले, ते हसले नाहीत.
ड्रॉवरमधून एक जुना पिवळा कागद काढला,
बोरू टोकरला,
आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ मारली.
हात थरथरत होता. रेघ नाही.
खाली काहीच लिहिलं नाही.
उरलेलं तू आल्यावर, म्हणाले,
आणि चहा सांगायला गॅलरीत गेले.

अहमदाबादच्या काउंटरवर मुलानं फाईल उलटली,
भराभर, पत्ते पिसावेत तशी.
मॅडम, हे काय? कोरा कागद आहे. ए-फोर पण नाही.
रेघ आहे, मी म्हटलं.
त्यानं उजेडात धरून पाहिली.
आहे, म्हणाला, पण यादीत नाही.
बाकी सगळं ठेवून घेतलं,
पासपोर्ट, बँकेचा शिक्का, बाबांचा मार्च,
तेवढा कागद परत दिला.

बडोद्याला उतरले तेव्हा दिवे लागले होते.
डेपोबाहेर उभ्यानंच सेव-उसळ खाल्ली,
एका हातानं. दुसरा
रस्सा उडू नये म्हणून लांब धरलेला,
येणारे-जाणारे बघत होते
ही पोरगी कुणाला काय देतेय.

घरी बाबांनी विचारलं, झालं?
पंधरा दिवसांनी कळेल.
त्यांनी कागद ट्यूबलाइटखाली नेला,
सुलटा पाहिला, उलटा पाहिला, काही बोलले नाहीत.
मग कपाटात, जिथं मुदत ठेवीची पावती असायची,
त्या कप्प्यात ठेवला.